चेतकचा पेट्रोल कॉक: खोट पॅकिंगची, बोल इंजिनाला

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

१९७२ पासून आकुर्डीत तयार होणारी पेट्रोलवरची बजाज चेतक स्कूटर बंद होऊन बरीच वर्षं झाली, तरी वडिलांची किंवा आजोबांची गाडी पोत्याखालून काढून पुन्हा उभी करण्याची हौस सध्या जोरात आहे. पत्रेकाम, रंग, क्रोम, सीट, नवे बीडिंग यांवर हजारो रुपये खर्च होतात. गाडी आरशासारखी चमकते, पहिल्या-दुसऱ्या किकला चालूही होते, गल्लीत दोन फेऱ्या झकास मारते. आणि कात्रजच्या नाहीतर खंबाटकीच्या चढावर पुरता ॲक्सिलरेटर दिला की दीड-दोन किलोमीटरवर मान टाकते. पाच मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. पुन्हा दीड किलोमीटर, पुन्हा तेच.

मग दुरुस्तीची वरात निघते. आधी प्लग बदलतात, मग कॉइल, मग कार्बोरेटर साफ, मग त्यातलं जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक), मग ऑइल सील, शेवटी ‘बोअर करावं लागेल’. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. अशा गाड्यांत दोष बऱ्याचदा रिस्टोर करताना मोठ्या कौतुकाने बसवलेल्या नव्या पेट्रोल कॉकमध्ये, म्हणजे टाकीखालच्या तोटीत असतो, आणि कॉकमध्येही रुपयाच्या नाण्याएवढ्या रबरी पॅकिंगमध्ये. हा दोष घरच्या किंवा गल्लीतल्या गॅरेजच्या हत्यारांनी दूर होतो. तो कसा, हे वाचकांना कळावं आणि सुटे भाग बनवणाऱ्यांच्याही कानावर जावं, म्हणून हे पत्र.

आधी कॉकची रचना. चेतकला पेट्रोल पंप नाही. सीटखालच्या टाकीतून पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली कार्बोरेटरच्या डब्यात उतरतं. टाकीच्या तळाला ओतीव धातूचा कॉक असतो. त्याचं आट्याचं तोंड टाकीत वर येतं आणि त्यावरचं मोठं नट टाकीच्या आतून, पेट्रोल भरायच्या तोंडातून लांब टी-पाना घालून आवळलेलं असतं. टाकीत एक पितळी नळी उभी असते. पेट्रोल नळीच्या टोकापेक्षा वर असेपर्यंत ते नळीतून येतं, खाली गेलं की येणं थांबतं. तळाजवळच्या दुसऱ्या भोकातून येतं ते रिझर्व्ह. कॉकच्या खालच्या अंगाला एक गोल वाटी असते. वाटीच्या तळाशी भोकं, त्यांवर तेवढ्याच भोकांचं रबरी पॅकिंग, पॅकिंगवर खोबण असलेली फिरती चकती, चकतीवर लाटेसारखी वाकवलेली पातळ स्प्रिंग वायसर आणि सगळ्यांवर दोन बारीक स्क्रूंनी धरलेली पत्र्याची टोपी. सीटखाली बाहेर आलेली दांडी फिरवली की चकती फिरते, तिची खोबण कधी नळीचं भोक आणि बाहेर जायचं भोक जोडते, कधी रिझर्व्हचं आणि बाहेरचं, कधी कुठलीच नाही. म्हणजे चालू, रिझर्व्ह, बंद. याहून साधी यंत्रणा शोधून सापडायची नाही, आणि नेमकी हीच यंत्रणा बाजारातल्या नकलेत धड बनत नाही.

पहिली आणि सगळ्यात मोठी खोड रबराची. पेट्रोलमध्ये टिकणारं नेहमीचं रबर म्हणजे नायट्राइल. त्याहून वरचं फ्लोरोरबर, ज्याला बाजारात सगळे ‘व्हायटन’ म्हणतात. स्वस्त पॅकिंगमध्ये बहुतेक वेळा पुनर्वापराचं मिश्र रबर असतं, नाहीतर भेसळीचं नायट्राइल. नैसर्गिक रबर पेट्रोल पिऊन मूळ आकाराच्या कितीतरी पट फुगतं. मिश्रणात ते थोडं असलं तरी पॅकिंग फुगणारच. फुगून जाणार कुठे? बाहेरून वाटीची भिंत, खालून धातू, वरून चकती. मोकळी जागा एकच, भोकांची. रबर भोकांत शिरतं. ३ मिलिमीटरचं भोक २ मिलिमीटरवर आलं तर व्यास एक तृतीयांशाने कमी झाल्यासारखा दिसतो, पण पेट्रोल जायची जागा ९ वरून ४ वर, म्हणजे निम्म्याहूनही खाली येते. इतक्या बारीक भोकात कडेचं घर्षणही वाढतं, त्यामुळे प्रवाह त्याहून जास्त घटतो.

कोरडा कॉक हातात घेऊन दुकानात फुंकर मारली तर हवा छान जाते. दोष बसवल्यावर तीन-चार दिवसांनी उगवतो आणि मधे गाडी महिनाभर कोरड्या टाकीने उभी राहिली तर रबर आक्रसून थोडा काळ नाहीसाही होतो. त्यामुळेच कॉकवर कोणाचा संशय जात नाही. येऊन-जाऊन असणारा बिघाड विजेचाच, अशी आपल्याकडच्या गॅरेजांची पक्की समजूत आहे.

बाकीच्या खोडी थोडक्यात. चकती पत्र्यातून दाबून काढलेली, तिच्या खोबणीच्या कडेला बर, म्हणजे कापताना उठलेली धारदार कड, तसाच सोडलेला. दांडी पाच-पन्नास वेळा फिरली की तो पॅकिंगवर गोल चर पाडतो आणि रबराचे काळे तुकडे थेट जेटमध्ये. स्प्रिंग वायसर नको इतकी जाड, म्हणून दांडी फिरवायला पक्कड लागते आणि तिच्या टोकाची स्प्लिट पिन तुटते. पितळी नळीची उंची अंदाजपंचे, मग रिझर्व्हला कुणाच्या गाडीत पाव लिटर उरतं तर कुणाच्या गाडीत दोन. ओतकामात आटे खरखरीत.

आता या एवढ्याशा भोकाने इंजिनाचं काय बिघडतं ते आकड्यांत पाहू. चेतकचं इंजिन ५७ मिलिमीटर बोअर आणि ५७ मिलिमीटर स्ट्रोकचं, १४५ सीसीचं, टू-स्ट्रोक. पुरत्या ॲक्सिलरेटरवर ताशी ७० किलोमीटर आणि लिटरला २० किलोमीटर धरलं तर तासाला साडेतीन लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ५८ मिलिलिटर पेट्रोल लागतं. गरज खरंच मामुली आहे. पण कॉकमधून उघड्यावर पडणारं पेट्रोल आणि चालत्या गाडीत कार्बोरेटरच्या वाटीत पोचणारं पेट्रोल यांत फरक पडतो: टाकीतली पातळी उतरलेली असते, वाटेत बँजोखालची (कार्बोरेटरला पाइप जोडणाऱ्या तुकड्याखालची) जाळी असते, फ्लोटची, म्हणजे वाटी भरली की पेट्रोल अडवणाऱ्या तरंगत्या गोळ्याची, सुई अर्धवट मिटलेली असते. म्हणून उघड्यावरचा प्रवाह गरजेच्या तिप्पट-चौपट तरी हवा. मिनिटाला २०० मिलिलिटर ही आमची किमान रेघ. चांगल्या जुन्या कॉकमधून याहून बरंच जास्त येतं.

प्रवाह कमी पडला की फ्लोटच्या वाटीतली पातळी हळूहळू उतरते. दीड-दोन किलोमीटर गाडी हा साठा आणि येईल तेवढं पेट्रोल यांवर निघते. नंतर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन गरम. चार-स्ट्रोक गाडी अशा वेळी नुसती अडखळली असती. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबरच ऑइल येतं. लिटरला २० मिलिलिटर ऑइल घातलं असेल तर ५८ मिलिलिटरबरोबर मिनिटाला जेमतेम सव्वा मिलिलिटर ऑइल सिलिंडरला मिळतं. पेट्रोल निम्मं झालं की ऑइलही निम्मं, आणि तेही सगळ्यात जास्त उष्णता असताना. पिस्टन पकडतो तो इथे. मग ‘नवीन पिस्टन किट डुप्लिकेट निघालं’ म्हणून किटवाल्याच्या नावाने खडे फोडले जातात. कधी ते खरंही असतं, पण आधी कॉक तपासा.

उलट बाजूचा त्रासही तितकाच. पॅकिंगवर चर पडला की ‘बंद’ केलेला कॉक बंद होत नाही. वर फ्लोटची सुई झिजलेली असेल तर रात्रभर पेट्रोल कार्बोरेटरच्या डब्यात आणि तिथून इंजिनात उतरतं. सकाळी किक जड, प्लग ओला, जिन्याखाली पेट्रोलचा वास. वाड्यात किंवा सोसायटीच्या बंद पार्किंगमध्ये हा प्रकार जिवावर बेतू शकतो.

इथे इथेनॉलचा विषय निघणारच. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि आता बहुतेक सगळीकडे तेच मिळतं. इथेनॉलमुळे साधं नायट्राइल आधीपेक्षा जास्त फुगतं, हे खरं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, हेही खरं. पाण्याचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉलचा जड थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो, आणि तळाशी असतो कॉक. जस्ताच्या ओतीव कॉकवर मग पांढरी भुकटी धरते, ती नखाने खरवडून निघते. पावसाळाभर गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करून ठेवणं म्हणूनच बरं. पण सगळं खापर इथेनॉलवर फोडणं सोयीचं असलं तरी बरोबर नाही. निकृष्ट रबर बिनइथेनॉलच्या पेट्रोलमध्येही फुगत होतं. इथेनॉलने त्याची लबाडी फक्त लवकर उघडी पाडली.

निदान करताना क्रम पाळावा. गाडी मान टाकते त्या क्षणी चोक ओढून पाहा. दम धरल्यासारखी दोन-चारशे मीटर पुढे गेली तर उपासमार पेट्रोलची आहे, ठिणगीची नाही. मग दांडी रिझर्व्हवर घ्या. टाकी भरलेली असूनही रिझर्व्हवर गाडी नीट पळत असेल तर नळीची वाट चोंदली आहे. दोन्हीकडे सारखंच रडगाणं असेल तर पॅकिंग किंवा पुढचा पाइप. आणि टाकीचं झाकण विसरू नका. झाकणात हवेसाठी बारीक भोक असतं; बदली मिळणारं झाकणाचं रबर कधी कधी ते भोकच झाकून टाकतं. टाकीत हवा शिरली नाही की पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण सैल करून गाडी पळवा. एवढ्याने दोष गेला तर कॉकला हात लावू नका, झाकणाच्या रबराला भोकासमोर छिद्र पाडा आणि विषय संपवा.

आता दुरुस्ती. सगळ्यात महत्त्वाची सूचना रिस्टोर करायला निघालेल्यांना: गाडीचा मूळ कॉक भंगारात टाकू नका. कितीही काळवंडलेला दिसला तरी त्याचं ओतकाम, आटे आणि नळीची उंची शंभरातून नव्वद वेळा चांगली असते. बिघडलेलं असतं ते पॅकिंग. जुना कॉक आधीच गेला असेल तर नाना पेठेत नवा घेण्याआधी पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी एक चक्कर मारा. धड अंगाचा जुना कॉक मिळाला तर तो चकचकीत नव्यापेक्षा बरा. मिळालाच नाही तर नवा घ्या, पण खालची सगळी कामं त्यावर करूनच बसवा.

काम मोकळ्या हवेत करा. जवळ विडी-सिगारेट, गॅसची शेगडी, साधा लोंबता बल्ब नको. टाकीतलं पेट्रोल झाकणाच्या धातूच्या डब्यात काढा. सीट काढा, दांडीच्या टोकाची स्प्लिट पिन काढून दांडी बाहेर ओढा, टाकीचे बोल्ट काढा आणि टाकी थोडी उचलून पाइप सोडवा. कॉक आणि टाकीचा सांधा गळत नसेल तर आतल्या नटाला हात लावायचं कारण नाही. टाकी जाड कापडावर उलटी ठेवा. टोपीचे दोन स्क्रू काढले की वाटी उघडते. जुने स्क्रू घट्ट बसलेले असतात. बरोबर मापाचा स्क्रू-ड्रायव्हर लावून त्याच्या मुठीवर हलका ठोका मारून मगच फिरवा, नाहीतर स्क्रूचं डोकं जातं आणि अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांवर जातं.

सुटे भाग ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने कागदावर मांडा. वाटीचा तळ पाहा. पांढरी भुकटी किंवा ओरखडे असतील तर तळ सपाट करायला हवा, पण तो खोलगट असल्याने काचेवर घासता येत नाही. वाटीत सैल बसेल अशा व्यासाची लाकडी किंवा पितळी गुल्ली घ्या, तिचं तोंड लेथवर किंवा नीट कानस मारून काटकोनात सपाट करा, त्यावर ४०० नंबरचा वॉटर पेपर गोल कापून चिकटवा आणि रॉकेलचा थेंब टाकून हलक्या हाताने फिरवा. मग ८०० नंबर. भोकांची तोंडं आधी कापसाने बंद करा, काम झाल्यावर कापूस आठवणीने काढा. हसू नका, राहून गेलेल्या कापसाच्या बोळ्यानेही गाड्या बंद पडलेल्या आहेत. चकती मात्र काचेवर पेपर ठेवून इंग्रजी आठच्या आकारात घासता येते. खोबणीची कड ६०० च्या पेपरने इतकी मऊ करा की नखाच्या पाठीवर ओढली तरी ओरखडा उठणार नाही.

पॅकिंगसाठी फ्लोरोरबराची शीट रबर शीट आणि ओ-रिंग विकणाऱ्या दुकानात तुकड्यांतही मिळते. जाडी डोळे झाकून ठरवू नका. व्हर्नियरच्या मागच्या काडीने वाटीची खोली मोजा, टोपी जिथे टेकते त्या कडेपासून तळापर्यंत. त्यातून चकतीची जाडी वजा करा. मग स्प्रिंग वायसरची मोकळी उंची आणि बोटाने पूर्ण सपाट दाबल्यावरची उंची मोजा, आणि दोन्हींच्या मधोमधचा आकडाही वजा करा. उरलं ती पॅकिंगची जाडी. समजा खोली ५.५, चकती १.५ आणि स्प्रिंग मोकळी २.६, दाबलेली ०.४ आहे. मधला आकडा १.५. उरले २.५, म्हणजे अडीच मिलिमीटरची शीट. हे आकडे फक्त रीत दाखवायला आहेत, मापं आपापल्या कॉकची घ्या. जाडी जास्त झाली तर स्प्रिंग सपाट होऊन दांडी जाम होते, कमी झाली तर चकती डुलते आणि टोपीतून गळतं. दोन्ही चुका नव्या कॉकमध्ये सर्रास दिसतात. एकाच पाकिटातून निघालेले दोन कॉकसुद्धा एकमेकांशी जुळत नाहीत.

रबरी चकती कापायला वॉशर कटर किंवा धारदार पोकळ पंच वापरा. कात्रीने कड तिरपी निघते. भोकांच्या जागा आखण्यासाठी वाटीच्या तळाला थोडी मार्किंगची निळी लावा आणि कापलेली रबरी चकती दाबा, ठसा उमटतो. फुटपट्टी लावण्याच्या भानगडीत पडू नका. पंच मारताना खाली लाकडाचा आडवा कापलेला ओंडका ठेवा, म्हणजे धार टिकते. भोक धातूच्या भोकापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठं पाडा, कारण दाबाखाली रबर थोडं आत सरकतंच. मात्र दोन भोकांमध्ये २ मिलिमीटरची भिंत तरी उरली पाहिजे, नाहीतर दांडी फिरवताना ती फाटते आणि चालू-रिझर्व्हचा भेदच संपतो. जोडताना फिरत्या चकतीवर टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाच्या) ऑइलचे दोन थेंब लावा. ग्रीस नको.

शीट खरंच फ्लोरोरबराची आहे का, हे दुकानदाराच्या शपथेवर सोडू नका. उरलेल्या तुकड्यातून एक इंचाची पट्टी कापा, लांबी आणि जाडी व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा आणि पंपावरच्या पेट्रोलमध्ये झाकणाच्या काचेच्या बाटलीत ४८ तास बुडवा. बाहेर काढून लगेच मोजा. चांगल्या फ्लोरोरबरात फरक जेमतेम कळतो. जाडी दहाव्या हिश्शाहून जास्त वाढली, पट्टी बोटाला काळी लागली किंवा चिकट झाली, तर ती शीट दुकानात परत. नव्या कॉकबरोबर आलेल्या पॅकिंगलाही हीच बाटली दाखवा. दोन दिवसांची कळ काढली तर पिस्टनचा खर्च वाचतो.

सांधा गळत असेल आणि आतलं नट काढावंच लागलं तर पान्याचं तोंड नीट बसल्याची खात्री करा. जस्ताच्या आट्यावर दोन हातांचा जोर लावू नका. तिथलं पॅकिंगही फ्लोरोरबराचंच करा. गळती थांबवायला सिलिकॉन लावण्याची जी फॅशन आली आहे ती वाईट. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून सुटतं आणि त्याच्या पट्ट्या जाळीत जाऊन बसतात. त्यापेक्षा जुन्या मेकॅनिकांची साबणाची वडी परवडली. ती निदान घरी पोचेपर्यंतचाच इलाज आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

टाकी परत बसवताना पाइपची लांबी पाहा. बाजारातला तयार पाइप लांब असतो, कारण लांब पाइप जोडायला सोपा. टाकी खाली बसली की तो टाकीखाली वेटोळं करतो, कुठे मुरडतो, कुठे उलटा वर चढतो आणि त्या उंचवट्यात हवा अडकते. पाइप टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सतत उताराने गेला पाहिजे. टाकी एका हाताने उचलून दुसऱ्या हाताने जोडता येईल एवढाच तो लांब ठेवा, जास्तीचा कापा. पारदर्शक प्लास्टिकचा पाइप दिसायला छान, पण पेट्रोल त्यातला मऊपणा शोषून घेतं आणि वर्षभरात तो काडीसारखा कडक होऊन टोकाला चिरतो. एसएई जे३० आर९ असा छाप असलेला पाइप घ्या. त्याचं आतलं अस्तर फ्लोरोरबराचं असतं. मापं मूळ पाइपची. मधे वेगळा फिल्टर घालू नका. कॉकला जाळी आहे, बँजोखाली जाळी आहे, तिसरी कशाला?

शेवटी चाचणी. पाइपचं टोक कार्बोरेटरकडून सोडवून ५०० मिलिलिटरच्या खुणांच्या भांड्यात धरा. टाकीत दोन लिटर पेट्रोल घाला, झाकण उघडं ठेवा, दांडी चालूवर घ्या आणि एक मिनिट मोजा. नंतर झाकण लावून पुन्हा तेच. दोन्ही वेळा २०० च्या वर आणि आकडे जवळपास सारखे यायला हवेत. मग धार आपोआप थांबेपर्यंत पेट्रोल वाहू द्या, रिझर्व्हवर घ्या आणि किती निघतं ते मोजून एका चिठ्ठीवर लिहून डिक्कीत ठेवा. नंतर टाकीत पुन्हा पेट्रोल घालून दांडी बंद करा आणि पाइपखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद दहा मिनिटं ठेवा. एकही डाग नको. पंधरा दिवस गाडी चालवून हीच मोजणी पुन्हा करा. पहिल्या दिवशीचा आकडा कॉकची घडण सांगतो, पंधराव्या दिवशीचा रबराचा दर्जा.

आता बनवणाऱ्यांकडे वळतो. २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांची तरतूद केली, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या दुचाकी त्यात बसतात. पहिल्यावहिल्या चेतक त्या वयाला पोचल्या आहेत. पण त्या गाडीत जो सुटा भाग पडतो, त्याच्या पाकिटावर ‘उत्तम दर्जा’ आणि एक घोड्याचं चित्र यापलीकडे काही छापलेलं नसतं. रबर कुठलं, जाडी किती, वीस टक्के इथेनॉलला चालतं का, कोणत्या सालच्या गाडीला बसतं, काहीच नाही. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: गिऱ्हाईक स्वस्त मागतं, व्हायटन महाग. हिशोब करून पाहा. नाण्याएवढ्या व्यासाची, दोन-अडीच मिलिमीटर जाडीची चकती दोन ग्रॅमच्या आत भरते. फ्लोरोरबर किलोमागे नायट्राइलच्या कितीतरी पट महाग असलं तरी दोन ग्रॅमला ते किती पडणार? एका कटिंग चहाच्या आसपासच. भोसरी-चिंचवडच्या लहान कारखान्यांतून याहून अवघड रबरी भाग रोज बाहेर पडतात. साच्यात आणि कामगारांच्या हातात कसूर नाही, कच्च्या मालात आणि मापात आहे.

म्हणून मागणी एवढीच. कॉक आणि पॅकिंगच्या पाकिटावर रबराचं नाव, जाडी, भोकांचा व्यास आणि उघड्यावरचा प्रवाह मिनिटाला किती मिलिलिटर, या चार गोष्टी छापाव्यात. दुकानदारांनी फ्लोरोरबराचं पॅकिंग सुटं विकायला ठेवावं. आज ते कॉकसकटच घ्यावं लागतं आणि चांगला मूळ कॉक कचऱ्यात जातो. आणि बाटलीत ४८ तास ठेवून फुगलेलं पॅकिंग परत आणणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘एकदा पेट्रोल लागलं की माल परत नाही’ हे उत्तर मिळू नये. पेट्रोलच्या कॉकला पेट्रोल लागणार नाही तर काय लागणार?

आपले,
जुन्या स्कूटर दुरुस्त करणारे काही कारागीर,
पुणे